झाशी किती दूर?
हवाई अंतर, प्रवासाचा वेळ आणि पैशाची वाट

झाशी हे नाव मराठी माणसास परके नाही. १७४२ च्या सुमारास नारोशंकर यांनी येथे मराठी सत्तेचा पाया घातला, पुढे नेवाळकर घराण्याकडे सुभेदारी आली आणि गंगाधरराव नेवाळकर यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी १८५७-५८ च्या संग्रामात या नगरीचे नाव अजरामर केले. शाळेच्या पुस्तकातून झाशी आपल्या इतक्या जवळ आलेली आहे की, ती महाराष्ट्रापासून प्रत्यक्षात किती लांब आहे, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. तो येतो प्रवासास निघण्याची वेळ येते तेव्हा. नोकरीतील बदली, मुलाची परीक्षा, आप्ताचे आजारपण, व्यापारातील येणे अशा कारणांनी ज्यांना मुंबई-पुण्याहून झाशीस किंवा झाशीहून इकडे यावे लागते, त्यांना या प्रश्नाचे उत्तर किलोमीटरमध्ये नको असते. घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत किती तास लागतील, हे त्यांना हवे असते.

अंतर आणि वेळ या दोन गोष्टी आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. 'पुणे येथून तीन तासांवर आहे' असे सहज म्हणतो. परंतु अंतर हे निसर्गाने ठरविलेले असते, तर वेळ ही माणसाने उभारलेल्या सोयींवर ठरते. झाशीच्या वाटेवर हा फरक गेल्या पावणेदोनशे वर्षांत कसा पडत गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

हवाई अंतर कसे काढतात?

दोन गावांमधील सर्वांत कमी अंतरास हवाई अंतर म्हणतात. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेषा खरे तर सरळ नसून पृथ्वीच्या पृष्ठभागावरील एक कमान असते. तिचे अचूक गणित त्रिकोणमितीने होते. मात्र आपल्या देशातील अंतरांसाठी शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धान्त पुरेसा होतो.

मुंबई सुमारे १८.९ अंश उत्तर अक्षांशावर व ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. झाशी सुमारे २५.४ अंश अक्षांशावर व ७८.५ अंश रेखांशावर आहे. म्हणजे झाशी मुंबईच्या साडेसहा अंश उत्तरेस व पावणेसहा अंश पूर्वेस आहे. अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कोठेही सुमारे १११ किलोमीटर भरतो. त्यामुळे उत्तरेकडील अंतर सुमारे ७२० किलोमीटर झाले. रेखांशाचा अंश मात्र सर्वत्र सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटर असतो आणि ध्रुवाकडे जावे तसतसा आखडत जातो. मुंबई व झाशी यांच्या दरम्यान तो सुमारे १०३ किलोमीटर धरता येतो. त्या हिशेबाने पूर्वेकडील अंतर सुमारे ५९० किलोमीटर येते. या दोन बाजूंचा कर्ण काढला की मुंबई-झाशी हवाई अंतर मिळते: सुमारे ९३० किलोमीटर.

हा आकडा शंभर वर्षांपूर्वी होता तोच आज आहे. त्या अंतरास लागणारा वेळ मात्र सतत बदलत गेला.

वरसईचे प्रवासी

या वाटेवरून गेलेल्या एका प्रवाशाची हकीकत सुदैवाने लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे १८५७ साली आपले काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. घरची परिस्थिती बेताची होती. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून तेथे मोठा दानधर्म होणार आहे, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. दक्षिणा मिळवून घरची ओढग्रस्त दूर करावी, हा हेतू होता. आजच्या भाषेत बोलायचे तर उत्पन्नाच्या शोधात दूरच्या प्रांती निघालेला हा एक कुटुंबवत्सल माणूस होता.

वरसई ते झाशी हवाई अंतर मुंबई ते झाशी या अंतराइतकेच, म्हणजे सव्वानऊशे ते साडेनऊशे किलोमीटरच्या दरम्यान आहे. परंतु पायी चालणाऱ्यास हवाई रेषेचा उपयोग नसतो. सह्याद्री चढून पुणे, तेथून उत्तरेस सातपुडा व नर्मदा ओलांडून महू, पुढे माळव्यातून बुंदेलखंड असा मार्ग धरला तर प्रत्यक्ष चाल अकराशे ते बाराशे किलोमीटर होते. त्या काळी अंतर कोसांत मोजीत व एक कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल. दररोज आठ कोस, म्हणजे पंचवीस किलोमीटर, न चुकता चालले तरी दीड महिना लागावा. त्यात पावसाळा आला तर नद्यांना पूर येत, उतार बंद होत आणि चातुर्मासात प्रवासी आहे तेथेच मुक्काम करीत.

हा झाला शांततेच्या काळातील हिशेब. गोडसे निघाले ते वर्ष १८५७ चे. महूच्या आसपास असताना बंडाची वार्ता त्यांना समजली आणि पुढील सारा प्रवास त्या वावटळीत सापडला. उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे करीत ते झाशीस आले. राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास काही काळ राहिले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझ यांच्या सैन्याने झाशीस वेढा घातला. शहर पडल्यानंतरची कत्तल, लूट आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश गोडसे यांनी प्रत्यक्ष पाहिला. गाठीशी जमविलेली दक्षिणा त्या लुटीत गेली. पुढे काल्पी, चित्रकूट, अयोध्या, काशी असे भटकत, आईवडिलांच्या स्नानासाठी गंगोदकाची कावड घेऊन ते घरी परतले, तेव्हा घर सोडून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

ही सारी कथा त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनंतर लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती लेखकाच्या पश्चात १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली. मराठीतील प्रवासवर्णनांत या ग्रंथाचे स्थान वेगळेच आहे. इतिहासाचे अभ्यासक त्यात झाशीची हकीकत शोधतात. वाटेचा आणि वेळेचा हिशेब मांडणाऱ्यास त्यात आणखी एक गोष्ट आढळते. दीड महिन्याच्या वाटेस दोन वर्षे लागली, ती अंतरामुळे नव्हेत. वाट सुरक्षित राहिली नाही म्हणून लागली.

अंतर तेच असताना साधन बदलले की वेळ कसा बदलतो, याचे एक उदाहरणही त्याच दिवसांतील आहे. ४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी लक्ष्मीबाई झाशीचा किल्ला सोडून काल्पीकडे निघाल्या. झाशी ते काल्पी ही वाट सुमारे १४० किलोमीटरहून अधिक आहे. राणीने ती घोड्यावरून अवघ्या एका अहोरात्रात तोडली, असे इतिहासकार सांगतात. याच प्रदेशातून पायी निघालेल्या सामान्य माणसास तेवढ्याच वाटेला किमान पाच-सहा दिवस लागत.

आगगाडी आली, डोंगर राहिले

गोडसे घरी परतले त्या सुमारास मुंबईहून निघालेली आगगाडी हळूहळू देशात शिरत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली होती. भोर व थळ हे सह्याद्रीतील दोन घाट १८६० च्या दशकात लोहमार्गाने ओलांडले गेले. १८७० साली मुंबई व कलकत्ता ही शहरे इटारसी-जबलपूर मार्गे रेल्वेने जोडली गेली. झाशी मात्र या वाटेच्या बाजूस राहिली होती. इंडियन मिडलँड रेल्वेने भोपाळहून झाशी, ग्वाल्हेर मार्गे आग्र्याकडे जाणारा मार्ग १८८९ साली खुला केला आणि झाशी मुंबईशी लोहमार्गाने जोडली गेली. कानपूर व माणिकपूरकडे जाणारे फाटेही त्याच सुमारास झाले. पुढे येथे रेल्वेचा मोठा कारखाना उभा राहिला. राजधानी गमावलेले हे शहर रेल्वेचे जंक्शन म्हणून पुन्हा नावारूपास आले.

१९१२ साली सुरू झालेली पंजाब मेल आजही मुंबईहून झाशी मार्गे उत्तरेस जाते. मुंबईहून झाशीपर्यंतचा तिचा मार्ग सुमारे ११३० किलोमीटरचा असून त्यास साधारण १९ तास लागतात. २०२१ च्या अखेरीस झाशी स्थानकास वीरांगना लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. हवाई अंतर ९३० किलोमीटर आणि रेल्वेचे अंतर ११३० किलोमीटर. हे दोनशे किलोमीटर कोठून आले? नकाशा पाहिला की उत्तर मिळते. मुंबईहून निघालेली गाडी थळ घाट चढून तापीच्या खोऱ्याने पूर्वेस भुसावळकडे जाते, खांडवा व इटारसी गाठते, नर्मदा ओलांडून विंध्याचा घाट चढते आणि मग भोपाळ, बीना करीत उत्तरेस वळते. डोंगर आणि नद्या यांच्याशी तडजोड करीत आखलेली ही रेषा आहे. याउलट दिल्ली ते झाशी हवाई अंतर सुमारे ३७५ किलोमीटर व रेल्वेचे अंतर सुमारे ४१० किलोमीटर आहे. मुंबईच्या वाटेवर वीस टक्क्यांहून अधिक वळसा, तर दिल्लीच्या वाटेवर जेमतेम नऊ-दहा टक्के. या सरळ वाटेवर गतिमान एक्स्प्रेस एप्रिल २०१८ पासून झाशीपर्यंत येऊ लागली आणि दिल्लीचा प्रवास साडेचार तासांच्या आत आला.

ध्रुवाजवळील एक गाव

आता विमानाचा विचार करू. ९३० किलोमीटर हवाई अंतर असेल तर जेट विमानास किती वेळ लागावा? ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेग धरल्यास एक तास दहा मिनिटे. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांसाठी अर्धा तास मिळविला तर एक तास चाळीस मिनिटे. हे उत्तर बरोबर आहे काय, हे पडताळण्यासाठी तितक्याच अंतरावरील दोन गावे घ्यावीत. अशी एक जोडी थेट उत्तर ध्रुवाजवळ सापडते आणि तिचा भारताशी संबंधही आहे.

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे ट्रोम्सो हे शहर आहे. तेथून उत्तरेस समुद्र ओलांडला की स्वालबार्ड द्वीपसमूह लागतो. त्यातील लाँगयरब्येन हे गाव ७८ अंश उत्तर अक्षांशावर असून वस्ती सुमारे अडीच हजारांची आहे. भारताचे आर्क्टिकमधील संशोधन केंद्र 'हिमाद्री' याच द्वीपसमूहातील नी-ऑलेसुंड येथे १ जुलै २००८ रोजी सुरू झाले. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत तेथील काम चालते. तेथे जाणारे भारतीय शास्त्रज्ञ लाँगयरब्येनला उतरतात आणि पुढील सुमारे ११५ किलोमीटरचे अंतर लहान विमानाने किंवा बोटीने पार करतात.

ट्रोम्सो ते लाँगयरब्येन हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-झाशीहून किंचित जास्त. त्या भागात रेखांशाचा अंश फारच आखडलेला असतो. झाशीपाशी तो सुमारे १०० किलोमीटरचा, तर लाँगयरब्येनपाशी अवघा २३ किलोमीटरचा आहे. भिंतीवरच्या नकाशात ध्रुवाकडील प्रदेश अवाढव्य दिसतात, याचे कारण नकाशा हा अंश सर्वत्र सारखाच रुंद काढतो. नकाशावर बोटाने मोजलेले अंतर तेथे फसवे ठरते. या ९६० किलोमीटरला विमानास दीड ते पावणेदोन तास लागतात. आपले गणित बरोबर आहे.

लाँगयरब्येनचा विमानतळ १९७५ साली खुला झाला. तत्पूर्वी हिवाळ्यात समुद्र गोठला की शरद ऋतूतील शेवटचे जहाज गेल्यावर वसंतापर्यंत गावाचा जहाजांचा मार्ग बंद असे. आपल्याकडील चातुर्मासाचेच ते हिमरूप. कायम गोठलेल्या जमिनीवर धावपट्टी बांधणे खर्चाचे होते, तरीही ती बांधली गेली, कारण त्या गावास जोडणारा रस्ता नाही आणि रेल्वेही नाही. दुसरी वाट नसेल तेथे विमान ही चैनीची बाब राहत नाही, ती जीवनावश्यक सेवा ठरते.

मात्र ध्रुवप्रदेशातही सर्व गावांचे भाग्य असे नाही. ग्रीनलंडमधील नूक आणि कॅनडातील इकालुइट या दोन गावांत हवाई अंतर अवघे सुमारे ८२० किलोमीटर आहे. मध्ये एक सामुद्रधुनी. २०१२ ते २०१४ या काळात त्यांच्यात उन्हाळी विमानसेवा होती. ती बंद पडली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू करण्यात आली. मधल्या दहा वर्षांत समोरच्या किनाऱ्यावर जाण्यासाठी प्रवाशांना युरोप गाठून पुन्हा अटलांटिक महासागर ओलांडावा लागे. दोन तासांचे अंतर दोन-तीन दिवसांचे होई. दोन्ही किनाऱ्यांवर इनुइट समाजाचे नातेसंबंध आहेत. त्यांना हा वळसा काय वाटत असेल, याची कल्पना करता येते.

मग झाशीचे काय?

अडीच हजार वस्तीच्या लाँगयरब्येनला थेट जेट विमान आणि २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या झाशीस प्रवासी विमानसेवा नाही, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. झाशीत धावपट्टी आहे. परंतु ती लष्कराची आहे. प्रवाशांसाठी सोयीचा मोठा विमानतळ सुमारे १०० किलोमीटरवर ग्वाल्हेर येथे असून तेथे मार्च २०२४ मध्ये नवीन टर्मिनल उभारण्यात आले. झाशीपासून जवळच असलेल्या दतिया येथील विमानतळाचे उद्घाटन ३१ मे २०२५ रोजी झाले.

ग्वाल्हेरमार्गे जाणाऱ्याचा हिशेब मांडून पाहू. मुंबईतील घरापासून विमानतळापर्यंत दीड तास, उड्डाणापूर्वीची तपासणी व प्रतीक्षा दोन तास, उड्डाण पावणेदोन तास, सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास, रस्त्याने झाशी दोन तास. एकूण पावणेआठ तास. त्यातील प्रत्यक्ष उड्डाण पावणेदोन तासांचेच, म्हणजे एक चतुर्थांशाहूनही कमी. शिवाय हा हिशेब त्या दिवशी थेट विमान असेल तर. ते नसेल आणि दिल्लीत विमान बदलावे लागले किंवा तेथून गाडी पकडावी लागली, तर रात्रीच्या गाडीने झोपून जाणे अनेकांना अधिक सोयीचे व निश्चितच कमी खर्चाचे ठरते.

झाशीस विमान उशिरा येत आहे त्याचे कारण झाशीची उपेक्षा एवढेच नाही. रेल्वेचे चार दिशांचे मार्ग येथे मिळतात. श्रीनगर-कन्याकुमारी हा उत्तर-दक्षिण आणि पोरबंदर-सिलचर हा पूर्व-पश्चिम, असे देशातील दोन महामार्ग झाशीतच एकमेकांस छेदतात. भारताच्या नकाशावर रस्त्यांचे अधिक चिन्ह काढावे आणि त्याचा मध्य झाशीवर यावा, अशी ही जागा आहे. लाँगयरब्येनला विमानाखेरीज गत्यंतर नाही, झाशीस आहे. तथापि ज्यास हृदयविकाराच्या रुग्णाला घेऊन तातडीने निघायचे आहे, किंवा ज्यास आप्ताच्या अंत्यदर्शनास पोहोचायचे आहे, त्यास गाडीचे १९ तास फार असतात. प्रवासाच्या वेळेचे खरे मोल अशाच प्रसंगी कळते.

पैशाची वाट

माणसाबरोबर पैशालाही ही वाट चालावी लागे. विष्णुभटांच्या काळी झाशीहून कोकणात रक्कम पाठवायची तर दोन मार्ग होते. एक, ती कमरेस बांधून स्वतः नेणे. दुसरा, हुंडी.

हुंडीची पद्धत आजच्या बँक व्यवहाराची जननी म्हणावी इतकी प्रगत होती. एका गावच्या सराफाकडे रक्कम भरावी, त्याने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहून द्यावी आणि तेथे ती रक्कम मिळावी. चिठ्ठी दाखविताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी; ठरलेल्या दिवसांनी मिळत ती मुदती हुंडी. प्रतिष्ठित गृहस्थासच पैसे द्यावेत अशी अट असलेली ती शाहजोग हुंडी. माल सुखरूप पोहोचला तरच रक्कम देय होणारी ती जोखमी हुंडी. हुंडी आणि विमा यांचा तो संगम होता. मूळ हुंडी वाटेत गहाळ झाली तर 'पैठ' म्हणजे दुसरी प्रत आणि तीही हरवली तर 'परपैठ' म्हणजे तिसरी प्रत देण्याची सोय होती. या साऱ्यासाठी जो बट्टा आकारला जाई त्यास हुंडणावळ म्हणत. वाट लांबची, ऋतू पावसाचा किंवा मुलूख धामधुमीचा असेल तर हुंडणावळ वाढे. म्हणजे ज्या कारणांनी प्रवाशाचा वेळ वाढे, त्याच कारणांनी पैसे पाठविण्याचा खर्चही वाढे. पुढे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतील संलेखांविषयीच्या स्थानिक रूढींना बाध आणला नाही.

हुंडी पेढीवर चाले, पेढी पतीवर चाले आणि पत शांततेवर. मुलूख पेटला की पेढ्यांचे दरवाजे बंद होत आणि मग कमरेच्या कसाखेरीज उपाय राहत नसे. झाशीच्या लुटीत ज्यांचे सर्वस्व गेले त्यांत केवळ धनिक नव्हते. गाठीस मोजके रुपये बांधून घरी परतू पाहणारे विष्णुभटांसारखेही होते.

त्यानंतर पैशाची वाट टप्प्याटप्प्याने माणसाच्या वाटेपासून वेगळी होत गेली. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली; पैसा टपालाच्या, म्हणजे आगगाडीच्या वेगाने जाऊ लागला. तारेने रक्कम वर्ग करण्याची सोय बँकांनी दिली तेव्हा तो प्रथमच माणसापुढे गेला. तरीही परगावचा धनादेश वटण्यास आठवडा-दोन आठवडे लागत, हे ज्येष्ठ ग्राहकांना व कर्मचाऱ्यांना चांगलेच आठवत असेल. कारण तो कागद प्रत्यक्ष प्रवास करीत असे. रिझर्व्ह बँकेने मार्च २००४ मध्ये आरटीजीएस व नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी सुरू केली. २००८ पासून धनादेशाच्या कागदाऐवजी त्याची प्रतिमा पाठविण्यास प्रारंभ झाला. २०१० मध्ये आयएमपीएस आणि २०१६ मध्ये यूपीआय आले. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी व डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस वर्षातील सर्व दिवस, चोवीस तास उपलब्ध झाले. ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशही दिवसाच्या दिवशी, काही तासांत वटू लागले.

आता झाशीच्या बाजारातील व्यापारी पेणच्या व्यापाऱ्यास रक्कम पाठवितो, तेव्हा ९३० किलोमीटर अंतर मध्ये आहे याची दोघांनाही जाणीव होत नाही. परंतु याचा अर्थ जोखीम संपली असा नव्हे. पूर्वी धोका वाटेवर होता, आता तो वाटेच्या दोन टोकांवर आला आहे. खाते क्रमांकातील एक चुकलेला अंक, अनोळखी माणसास सांगितलेला सांकेतिक क्रमांक, घाईत दाबलेली कळ यांमुळे रक्कम क्षणात भलत्याच ठिकाणी जाते. पूर्वी लांबच्या वाटेमुळे विचारास वेळ मिळे; आता तो ग्राहकाने स्वतः काढावा लागतो. मोठी रक्कम पाठविण्यापूर्वी लाभार्थ्याचे नाव पडताळणे, प्रथम लहान रक्कम पाठवून खात्री करणे, फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच विनाविलंब १९३० या क्रमांकावर व आपल्या शाखेस कळविणे, ही आजची वाटेवरची सावधगिरी होय.

एका दृष्टिक्षेपात

मुंबई-झाशी हवाई अंतर: सुमारे ९३० किलोमीटर
वरसईहून पायी, शांततेच्या काळी: सुमारे दीड महिना
आगगाडीने: सुमारे १९ तास
ग्वाल्हेरमार्गे विमानाने, घर ते मुक्काम: पावणेआठ तास वा अधिक
एनईएफटीने रक्कम: साधारण अर्ध्या ते दोन तासांत
यूपीआयने रक्कम: काही क्षण

या तक्त्यातील पहिली ओळ सोडली तर प्रत्येक ओळ माणसाच्या श्रमाने पालटली आहे. घाट फोडणारे मजूर, पूल बांधणारे अभियंते, गाडी चालविणारे कर्मचारी, रात्रभर चालणाऱ्या संगणकांची देखभाल करणारे तंत्रज्ञ यांनी ती पालटली. सुटीत झाशीचा किल्ला, राणीमहाल आणि लक्ष्मीबाईंचा विवाह जेथे झाला ते गणेश मंदिर पाहण्यास जाणाऱ्या वाचकांनी गाडी इटारसी सोडून नर्मदेच्या पुलावर आली की खिडकीबाहेर जरूर पाहावे. त्याच नदीच्या दुसऱ्या एका उतारावर वरसईचा एक माणूस पलीकडे जाण्यासाठी कधीकाळी थांबला होता, आणि घरच्यांना तो पोहोचला की नाही हे कळण्याची कोणतीही भरवशाची सोय तेव्हा नव्हती.